वीज, गॅस, पाणी आणि डिझेल एका वहीत : विदर्भातील गाव पूर्णपणे अक्षय ऊर्जेवर कसे आणावे

कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर आणि तिरोडा ही मोठी औष्णिक केंद्रे विदर्भात आहेत. एकट्या चंद्रपूरच्या केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. तरीही याच विदर्भातील शेतकरी डिसेंबरच्या रात्री हातात टॉर्च घेऊन हरभऱ्याच्या ओलितासाठी वावरात जातो, कारण कृषी फिडरवर (शेतीपंपांच्या वीजवाहिनीवर) थ्री-फेज पुरवठा पाळीपाळीने मिळतो आणि त्या आठवड्यात त्याच्या वाट्याला रात्रपाळी आलेली असते. त्याच्या घरी सिलिंडर तालुक्याहून येते, दुचाकीत पेट्रोल आणि ट्रॅक्टरमध्ये डिझेल पडते, न्हाणीघरातला बंब गोवऱ्यांवर तापतो आणि फेब्रुवारीत उपटलेली पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडे, धुऱ्यावर (बांधावर) जाळली जाते. विजेचे बिल, गॅसचे पुस्तक, पेट्रोलचा खर्च आणि शेणाचा उकिरडा ही चार वेगळी खाती आहेत, आणि त्यांची बेरीज कोणीच करीत नाही.

जर्मनीत आणि डेन्मार्कमध्ये या बेरजेला ‘सेक्टर कपलिंग’ म्हणतात. आपण तिला ऊर्जाक्षेत्रांची सांगड म्हणू. वीज, उष्णता, थंडावा, पाणी, स्वयंपाक आणि वाहतूक यांची व्यवस्था एकत्र लावायची, म्हणजे एका ठिकाणी उरलेली ऊर्जा दुसऱ्या ठिकाणी कामी येते, हा तिचा गाभा आहे. डेन्मार्कच्या साम्सो बेटाने १९९७ नंतरच्या दशकात पवनचक्क्यांची वीज आणि गव्हाच्या काडावर चालणारी उष्णताकेंद्रे यांच्या जोरावर वर्षाचा हिशेब जुळवला. विदर्भात वारा कमी आणि ऊन भरपूर असल्यामुळे तिथला आराखडा इथे जसाच्या तसा चालणार नाही. पण तिथेही घरे काडावर तापवली गेली आणि विजेवर सगळा भार टाकला गेला नाही, ही बाब आपल्या उपयोगाची आहे.

पुढील मांडणी कापूस, तूर आणि सोयाबीन पिकवणाऱ्या २०० घरांच्या, सुमारे १,००० लोकवस्तीच्या गावासाठी केली आहे. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. आपल्या गावाचे आकडे घालून हिशेब पुन्हा करावा.

पहिले काम : वही

सौर पॅनेलच्या विक्रेत्याला बोलावण्याच्या आधी एक जाड वही घ्यावी आणि गावात महिनाभर फिरून नोंदी कराव्यात. विजेची बिले गोळा करणे सोपे असते. उरलेल्या नोंदी विचारून काढाव्या लागतात : घरागणिक वर्षाला किती सिलिंडर लागतात, बंब कशावर तापतो, पंप किती एचपीचा आहे आणि वर्षात किती दिवस चालतो, गुरे किती आहेत आणि ती दिवसभर गोठ्यात असतात की गुराख्यामागे रानात जातात. हे शेवटचे विचारायला लोक विसरतात, मग बायोगॅसचा अंदाज निम्म्याने चुकतो, कारण रानात पडलेले शेण संयंत्रात येत नाही.

या नोंदी एका मापात आणण्यासाठी काही गुणोत्तरे पुरतात. एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये सुमारे १८० युनिट उष्णता असते, पण गॅसच्या शेगडीत बरीचशी उष्णता भांड्याच्या कडेने निघून जाते, त्यामुळे तेवढाच स्वयंपाक इंडक्शनवर साधारण १२५ ते १३० युनिटांत होतो. इलेक्ट्रिक दुचाकीला १०० किलोमीटरसाठी सुमारे ३ युनिट लागतात. एक किलोवॅट पॅनेल आपल्याकडे वर्षाची सरासरी काढली तर दिवसाला साधारण ४ युनिट देते.

आता आपल्या गावाचा हिशेब पाहू. दिवे, पंखे, टीव्ही आणि फ्रिज मिळून घराला दिवसाला अडीच युनिट धरले तर गावाला ५०० युनिट लागतात. घरागणिक वर्षाला आठ सिलिंडर धरून सगळा स्वयंपाक इंडक्शनवर नेला तर आणखी सुमारे ५५० युनिट लागतील. जलजीवन मिशनच्या माणशी ५५ लिटर या मापाने १,००० माणसांना ५५,००० लिटर पाणी लागते, आणि ते एकूण ६० मीटर चढवायला, पंपाचे नुकसान धरूनही, केवळ २० युनिट पुरतात. १२० दुचाकी रोज २० किलोमीटर धावतात असे धरले तर आज ४० लिटर पेट्रोल जळते आणि विजेवर नेल्यास ७० ते ८० युनिट लागतात. ५ एचपीचे ६० कृषिपंप ओलिताच्या दिवसांत रोज सहा तास चालले तर, मोटारीचे नुकसान धरून, एकटेच १,६०० युनिट ओढतात, पण असे दिवस वर्षात १२० च्या आसपास असतात.

लोकांना सर्वांत अनपेक्षित वाटतो तो आंघोळीच्या पाण्याचा आकडा. हिवाळ्यात घरातल्या पाच जणांसाठी १०० लिटर पाणी २० अंशांवरून ४५ अंशांवर न्यायला जवळजवळ ३ युनिट उष्णता लागते, म्हणजे त्या घराच्या दिवसभराच्या विजेपेक्षा जास्त. ही उष्णता आज लाकूड आणि गोवऱ्या देतात, म्हणून ती कोणत्याही बिलात दिसत नाही. गाव ‘सौर’ झाल्यावर घराघरांत इमर्शन रॉड आले तर सकाळी सहा वाजता, सूर्य उगवण्याआधी, डीपीवर (गावाच्या वीज रोहित्रावर) जो भार येईल तो कोणीच धरलेला नसतो.

गळती आधी, पॅनेल नंतर

याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण सांगण्यासारखे नवे काही नाही, फक्त ते कोणी करीत नाही. ७५ वॅटचा जुना पंखा काढून ३० वॅटच्या आसपासचा, कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा लावावा, टिनाच्या आणि स्लॅबच्या छताला उन्हाळ्याआधी पांढरा लेप द्यावा, आणि पंपाचा फूटव्हॉल्व्ह व पाइपाचा व्यास तपासून घ्यावा. वावरात अडीच इंची पाइपाऐवजी दोन इंची पाइप टाकून वाचवलेले पैसे दर हंगामात विजेच्या रूपाने परत द्यावे लागतात. तुषार आणि ठिबक संचांनी पाणी वाचते, आणि पाणी वाचले की ते उपसण्याची वीजही वाचते. वरुड आणि मोर्शी तालुक्यांत संत्र्याच्या बागांनी भूजल कोणत्या पातळीला नेले आहे हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना दिवसभर फुकट चालणाऱ्या सौर पंपाचा धोका वेगळा सांगण्याची गरज नाही. पंप आणि ठिबक एकाच ठरावात मंजूर व्हावेत, असे माझे मत आहे.

कामे उन्हाकडे सरकवणे

माझ्या अनुभवात सर्वांत जास्त फळ देणारा आणि सर्वांत कमी पैसा मागणारा भाग हाच आहे. पॅनेलची वीज सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात उसळी घेते आणि गावाचा वापर सायंकाळी सहा ते दहा या वेळात चढतो. ही दरी बॅटरीने भरायची म्हटले तर खर्च पाहून सगळी योजना कागदावर राहते. म्हणून ज्या कामांना विशिष्ट वेळेचे बंधन नाही ती आधी दुपारी आणावीत.

पाण्याची टाकी हे गावात आधीपासून बांधलेले साठवण आहे. नळयोजनेचा पंप पहाटे चालवण्याची सवय सोडून तो अकरा वाजता चालवला, टाकी दोन वाजेपर्यंत भरून घेतली आणि नळ दुसऱ्या दिवशी सकाळी सोडले, तर २० युनिटांसाठी बॅटरीची गरजच राहत नाही. त्यासाठी टाकीची क्षमता दीड दिवसाच्या पाण्याइतकी असावी, म्हणजे झड लागली तरी एक दिवस निभावतो.

पिठाच्या गिरणीचे उदाहरण मी जवळून पाहिले आहे. वर्धा जिल्ह्यातील एका गावात चक्कीवाल्याला दुपारी दळण दळायला सांगितले तेव्हा तो हसला, कारण दुपारी बाया निंदणाला किंवा कापूस वेचायला वावरात असतात आणि डबा घेऊन सायंकाळीच येतात. शेवटी त्याच्याच आईने तोड काढली. सकाळी कामावर जाताना डबा ठेवून जायचा, डब्यावर खडूने नाव आणि ‘बारीक’ की ‘जाडे’ एवढेच लिहायचे आणि सायंकाळी परतताना पीठ न्यायचे. पहिल्या आठवड्यात एका घरचे ज्वारीचे पीठ दुसऱ्या घरी गेले आणि बरेच बोलणे झाले, त्यानंतर चक्कीवाल्याने डबे ठेवायला दोन फळ्या ठोकल्या. १० एचपीची ती गिरणी आता बारा ते तीन या वेळात चालते. भार सरकवण्यासाठी लागलेले साहित्य म्हणजे एक खडू आणि दोन फळ्या.

दुधाचा थंडावा बर्फात साठवता येतो. संकलन केंद्रावर सायंकाळी आलेले ५०० लिटर दूध ३५ अंशांवरून ४ अंशांवर आणायला जेवढा थंडावा लागतो, तेवढा २०० किलो बर्फ वितळताना देतो, आणि हा बर्फ दुपारी गोठवायला ८ ते ९ युनिट लागतात. शीतकरण संच घेताना बर्फसाठ्याची टाकी असलेला मागावा. संत्रा, भाजी आणि फुलांच्या लहान शीतगृहांनाही हेच लागू आहे. चांगले उष्णतारोधक कवच असलेली खोली दुपारी दोन अंश जास्त थंड करून ठेवली तर रात्री यंत्र बराच वेळ बंद ठेवता येते.

आंघोळीच्या पाण्यासाठी छतावरचा सौर जलतापक हा साधा आणि टिकाऊ उपाय आहे. ज्यांच्या छतावर तो बसत नाही त्यांनी बंब ठेवावा, पण त्यात गोवऱ्यांऐवजी तुराट्या किंवा पऱ्हाटीच्या कांड्या (भुगा दाबून केलेले इंधनाचे तुकडे) जाळाव्यात, कारण शेणाला याहून चांगले काम आहे.

शेण, पऱ्हाटी आणि चूल

गावात २०० मोठी गुरे असतील आणि गोठ्यात प्रत्येकी १० किलो शेण हाती येत असेल, तर रोज दोन टन शेणातून सुमारे ८० घनमीटर गॅस मिळतो. एक घनमीटर बायोगॅस साधारण ४५० ग्रॅम एलपीजीचे काम करतो, म्हणजे हा गॅस रोज अडीच सिलिंडरांच्या बरोबरीचा झाला. गावाची गरज रोज साडेचार सिलिंडरांच्या आतबाहेर आहे, म्हणून निम्म्याहून अधिक स्वयंपाक शेणावर होऊ शकतो आणि उरलेल्यासाठी इंडक्शन लागते. गॅस निघून गेल्यावर मागे उरणारे पातळ शेण, म्हणजे स्लरी, शेतात जाते, त्यामुळे खताचे मूल्य हातचे जात नाही.

चार-पाच गुरे असलेल्या घराने दोन घनमीटरचे दीनबंधू पद्धतीचे घरगुती संयंत्र बांधावे. त्याला रोज सुमारे ५० किलो शेण आणि तेवढेच पाणी लागते. ज्यांच्याकडे एक-दोन गुरे आहेत अशांची घरे एकाच मोहल्ल्यात असतील तर सामूहिक संयंत्र करता येते, पण गॅसचा दाब कमी असल्यामुळे लांब पाइप टाकण्याच्या भानगडीत पडू नये. दूरच्या घरांना इंडक्शन द्यावे. सातपुड्यातल्या, मध्य प्रदेशातील बैतूल जिल्ह्यातील बाचा गावात आयआयटी मुंबईने तयार केलेल्या सौर चुलींवर ७४ घरांचा स्वयंपाक नेण्यात आला. मात्र त्या चुलींना स्वतंत्र पॅनेल आणि बॅटरी लागते. आपल्याकडे ग्रिड (वितरण कंपनीचे वीजजाळे) पोचलेली असताना साधे इंडक्शन आणि छतावरचे पॅनेल ही जोडणी मला स्वस्त वाटते. ज्वारीची भाकर मात्र इंडक्शनवर मनासारखी फुगत नाही, अशी तक्रार प्रत्येक गावात ऐकू येते आणि ती खरी आहे. ज्या घरी बायोगॅस आहे तिथे भाकर गॅसवर आणि वरण, भात, चहा इंडक्शनवर, अशी वाटणी आपोआप होते.

संयंत्रात घालायचे शेणपाण्याचे कालवण करताना त्यात कुटार (भुसा) किंवा काड्या राहू देऊ नयेत. हातात घेतलेले कालवण बोटांतून सरसर गळले पाहिजे. ज्योत फडफडू लागली की गॅस कमी पडला असे समजून लोक शेण वाढवतात, तेव्हा बहुतेक वेळा पाइपाच्या खोलगट भागात पाणी साचलेले असते. तिथला पाण्याचा नळ उघडून ते काढून टाकले की ज्योत स्थिर होते. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान १० ते १२ अंशांवर येते आणि गॅस घटतो. त्या काळात सौर जलतापकाचे कोमट पाणी कालवणात घातले तर फरक दिसतो. दोन वेगळ्या खात्यांतून मंजूर होणाऱ्या दोन वस्तूंची अशी सांगड कोणत्याही योजनेच्या पुस्तिकेत लिहिलेली नसते.

पऱ्हाटीचा हिशेब वेगळा आहे. एकरी साधारण एक टन वाळलेली पऱ्हाटी धरली आणि गावात ३०० एकर कापूस असेल, तर ३०० टन इंधन दरवर्षी धुऱ्यावर जळते. तिच्यात किलोमागे ४ युनिटांहून अधिक उष्णता असते. तिच्यापासून वीज करण्याचा मोह टाळावा, असे मी स्पष्ट सांगतो. लहान गॅसिफायरमध्ये (काड्यांपासून जळाऊ वायू करणाऱ्या यंत्रात) डांबर आणि राख साचते आणि त्याला रोजची देखभाल लागते, आणि तेवढी वीज पॅनेल कमी त्रासात देतात. पऱ्हाटी उष्णतेसाठी वापरावी : वाशीम, बुलडाणा आणि यवतमाळकडे हळद शिजवण्यासाठी, जिनिंगच्या जोडधंद्यांच्या बॉयलरसाठी किंवा कांड्या करून विकण्यासाठी. भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यात हीच जागा धानाच्या तुसाची आहे. धानाच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा तूस असतो आणि उसना तांदूळ करणाऱ्या गिरण्या त्यावरच वाफ करतात. औष्णिक केंद्रांनी कोळशासोबत ठरावीक प्रमाणात जैवभार (काडीकचऱ्याचे इंधन) जाळलाच पाहिजे असे बंधन केंद्राने २०२१ मध्ये घातले, त्यामुळे कांड्यांना गिऱ्हाईक मिळू शकते. हंगाम संपताच पऱ्हाटी शेतातून हलवल्याने गुलाबी बोंडअळीचा मुक्काम मोडतो, हा जास्तीचा लाभ २०१७ चा हंगाम सोसलेल्या शेतकऱ्याला चटकन पटतो. मात्र सगळीच पऱ्हाटी नेऊ नये. निदान काही भाग श्रेडरने बारीक करून मातीत जाऊ द्यावा.

कृषिपंप : सर्वांत मोठा भार, सर्वांत लवचिक भार

साठ पंपांना स्वतंत्र सौर पॅनेल बसवायचे की संपूर्ण फिडर एका सौर प्रकल्पावर चालवायचा, हा गावापुढचा खरा प्रश्न आहे. राज्याच्या ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याला १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याला ५ टक्के रक्कम भरून पंप मिळतो. अडीच एकरांपर्यंत ३ एचपी, पाच एकरांपर्यंत ५ एचपी आणि त्यापुढे ७.५ एचपी अशी मर्यादा आहे. जिथे लाइन पोचलेली नाही तिथे यासारखी सोय नाही. पण ५ एचपीच्या पंपावर जवळजवळ ५ किलोवॅटचे पॅनेल असते आणि ओलित नसलेल्या आठ महिन्यांत ते वावरात रिकामे तापत राहते. साठ पंपांचे मिळून जवळजवळ ३०० किलोवॅट होतात, म्हणजे संपूर्ण गावाच्या गरजेचा मोठा हिस्सा.

यावर दोन मार्ग आहेत. स्वतंत्र पंप घेतलाच असेल तर त्यावर सर्वोपयोगी सौर पंप नियंत्रक मागावा. केंद्राच्या कुसुम या शेतीसाठीच्या सौर योजनेत त्याची तरतूद आहे, आणि त्यावर कडबा कुट्टी, लहान गिरणी किंवा शीतकपाट चालवता येते. फिडर आधीच पोचलेला असेल तर मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारून फिडरला दिवसा वीज द्यावी. मी या दुसऱ्या मार्गाच्या बाजूचा आहे, कारण ओलित नसताना तीच वीज गावठाणाला, चक्कीला आणि शीतगृहाला मिळते. जमीन भाड्याने देणाऱ्यास या योजनेत हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये मिळतात, त्यामुळे बरड जमिनीचा मालक सहज तयार होतो. २०२४ पासून ७.५ एचपीपर्यंतच्या पंपांची वीज मोफत आहे, म्हणून शेतकऱ्याला बिलाची धास्ती नाही. रात्री पाण्यावर जावे लागणार नाही, साप, रानडुक्कर आणि ताडोबाच्या बाजूला वाघ यांची भीती राहणार नाही, हेच त्याच्यासाठी पुरेसे कारण आहे.

पंपांची पाळी ठरवताना ६० पंपांचे तीन गट करावेत. रोज दोनच गट चालले तर एका दिवसाचा भार १,६०० युनिटांवरून सुमारे १,१०० वर येतो आणि त्यासाठी लागणारे पॅनेलही कमी होतात. हरभरा एका दिवसाने थांबू शकतो, सायंकाळचा स्वयंपाक थांबत नाही.

गाड्या

दुचाकी आणि ई-रिक्षा यांची अडचण उरलेली नाही. त्या दिवसा चार्ज होतील अशी जागा मात्र हवी, आणि ती शाळा, ग्रामपंचायत किंवा संकलन केंद्राच्या छपराखाली करता येते. ट्रॅक्टर कठीण आहे. नांगरटीचा भार आणि लागोपाठ दहा तासांचे काम यांना पुरेल अशी बॅटरी आज गावाच्या ऐपतीत नाही. फवारणी, डवरणी आणि वाहतूक यांसाठी लहान इलेक्ट्रिक यंत्रे घ्यावीत, मोठ्या ट्रॅक्टरचे डिझेल वहीत लाल शाईने लिहून ठेवावे आणि तेवढे गाव अजून पूर्ण अक्षय नाही हे मान्य करावे.

रात्र, बॅटरी आणि ग्रिड

वरील सर्व बदलांनंतर, बायोगॅसचा वाटा वजा करून, गावाला दिवसाला सरासरी १,४०० ते १,५०० युनिट विजेची गरज उरते, म्हणजे प्राथमिक अंदाजाने सुमारे ३७० किलोवॅट पॅनेल. घरागणिक एक किलोवॅट छतावर आणि उरलेले एक एकराच्या आसपास जमिनीवर, अशी त्याची विभागणी होईल. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत घराला दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३०,००० रुपये आणि ३ किलोवॅट किंवा अधिकसाठी एकूण ७८,००० रुपये अनुदान आहे.

इथे माझ्याच घरची गोष्ट सांगतो. छतावर ३ किलोवॅटचे पॅनेल बसवल्यानंतरच्या पहिल्याच एप्रिलमध्ये वादळाने लाइन तुटली, आणि भर दुपारी, पॅनेल उन्हात लखलखत असताना, घरातला पंखा बंद. बसवून देणाऱ्याने सांगितले नव्हते की ग्रिडला जोडलेला साधा इन्व्हर्टर ग्रिडची लाइट गेली की स्वतःही बंद पडतो, आणि लाइनवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी ते आवश्यकच असते. ज्याला लाइट गेल्यावरही वीज हवी त्याने हायब्रिड (ग्रिड नसतानाही बॅटरीवर चालणारा) इन्व्हर्टर आणि लहान बॅटरी घ्यावी, आणि हे आधी विचारावे.

दुसरी अडचण उलट्या प्रकारची आहे. एका डीपीवर बऱ्याच छतांची वीज दुपारी एकदम आली आणि वापर कमी असला, तर व्होल्टेज २५० च्या पलीकडे जाते आणि इन्व्हर्टर एकेक करून सुटतात. चक्की, बर्फ आणि पंप दुपारी त्याच डीपीवर चालू असतील तर ही वीज तिथेच खर्ची पडते. म्हणून छतांची यादी डीपीनुसार करावी, वॉर्डानुसार करू नये.

रात्रीचा खरा भार उन्हाळ्यात येतो. २०० घरांत १५० वॅटचे कूलर दहा तास चालले की ३०० युनिट होतात. तेवढी बॅटरी घेण्याच्या फंदात पडू नये. ती वीज ग्रिडकडून घ्यावी आणि दुपारी ग्रिडला दिलेल्या विजेशी तिची वर्षाची वजाबाकी करावी. मात्र वर्षाची बेरीज जुळणे आणि प्रत्येक तासाला अक्षय वीज वापरणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे ग्रामसभेत स्पष्ट सांगावे. रात्री येणारी वीज अजून बरीचशी कोळशाचीच असते. गावाची स्वतःची बॅटरी आरोग्य उपकेंद्र, पथदिवे, नळयोजनेचे नियंत्रण आणि संकलन केंद्र यांच्यापुरती, ४० युनिटांच्या आसपास, लिथियम-आयर्न-फॉस्फेटची घ्यावी. बिहारमधील धरनई गावात २०१४ मध्ये १०० किलोवॅटची सौर मायक्रोग्रिड (गावापुरती स्वतंत्र वीजव्यवस्था) गाजावाजाने सुरू झाली, पुढे सरकारी ग्रिड आली, बॅटऱ्या निकामी झाल्या आणि ती बंद पडली. ग्रिड आलेल्या गावाने ग्रिडशी फारकत घेण्याची आखणी करू नये.

पावसाळ्याची परीक्षा

योजना मे महिन्यात तपासू नये, आणि मे महिना वाटतो तितका उदारही नसतो. पॅनेल ६५ अंशांपर्यंत तापले की उत्पादन १२ ते १५ टक्क्यांनी घटते. खरी परीक्षा जुलै-ऑगस्टची. तेव्हा किलोवॅटमागे ३ युनिटांच्या आसपास मिळतात आणि झड लागली तर एक-दीडवर समाधान मानावे लागते. सुदैवाने त्याच वेळी ओलित बंद असते, कूलर बंद असतात, कालवणाला पाणी मुबलक असते आणि वातावरण उबदार असल्यामुळे गॅस चांगला येतो. सौर, शेण आणि ओलित यांचे हंगाम एकमेकांना पूरक आहेत, म्हणून त्यांचे नियोजन एकत्र करणे परवडते. अडचण उरते ती डिसेंबरची. त्या महिन्यात ऊन चांगले असते, पण दिवस लहान असतो, ओलित जोरात असते, गॅस घटलेला असतो आणि आंघोळीचे पाणी तापवायचे असते. पॅनेलची संख्या ठरवताना डिसेंबरच्या एका दिवसाचा तासातासाचा तक्ता मांडावा, वर्षाच्या सरासरीवर ठरवू नये.

कोणी करावे, कोठे विचारावे

कुसुम योजनेच्या पहिल्या घटकात शेतकरी, सहकारी संस्था, शेतकरी उत्पादक कंपनी आणि ग्रामपंचायत यांना ५०० किलोवॅट ते २ मेगावॅटचा प्रकल्प उभारता येतो. एका गावाला तो मोठा पडत असेल तर एकाच उपकेंद्राखालील दोन गावांनी मिळून करावा. महाऊर्जा या राज्याच्या ऊर्जा विकास संस्थेचे जिल्हा कार्यालय, अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचा अपारंपरिक ऊर्जेचा विभाग आणि वर्ध्याची एमगिरी (महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था) यांच्याकडे तांत्रिक सल्ला घ्यावा. वितरण कंपनीच्या शाखा अभियंत्याला मात्र पहिल्या बैठकीपासून बसवावे, कारण डीपीची क्षमता आणि फिडरची स्थिती त्याच्याइतकी कोणालाच ठाऊक नसते आणि नंतर विचारलेल्या परवानगीला वेळ लागतो.

पॅनेल धुण्याचे काम पहाटे करावे. तापलेल्या काचेवर थंड पाणी पडले तर ती तडकू शकते. जिनिंगजवळच्या गावांत कापसाचे तंतू आणि धूळ यांचा थरावर थर बसतो, तिथे आठवड्यातून एकदा धुणे आवश्यक आहे. फेब्रुवारी-मार्चच्या गारपिटीसाठी विमा आणि आकाशातल्या विजांसाठी तडितरोधक हे पहिल्याच अंदाजपत्रकात घालावेत. वानरे पॅनेलवर उड्या मारतात आणि वायरी ओढतात, म्हणून वायरी पाइपातूनच न्याव्यात. संयंत्राचे कालवण, गॅसपाइपातले पाणी काढण्याचा नळ, इन्व्हर्टरचा आकडा आणि टाकीची पातळी या चार नोंदी रोज सायंकाळी सात वाजता त्याच जाड वहीत लिहिण्यासाठी गावातील दोन तरुणांना मानधन द्यावे. एकटा माणूस लग्नसराईत गावाला जातो आणि वही पंधरा दिवस कोरी राहते.